तीन थाऊ

"बे रस्ता छे, काका,"
डॉ. पारीख म्हणाले, आणि कागदावर पेरू काढला.
पेरूच्या डोक्यावर मूत्राशय,
दोन्ही अंगांना चिकटून दोन रेघा. ह्या नसा.
ह्या वाचवायच्या.

पेरू आणि नस, मी विचारलं, मधे अंतर किती?
केसाएवढं.
केस म्हणजे तीन थाऊ.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं
तीन थाऊ मी आवाजावरून ओळखले,
मायक्रोमीटर लावायच्या आधी.
चुकलं तर बुश भंगारात.
इथं,

इंदुमती शेजारी पर्सची चेन उघडत-मिटत होती.

रोबो म्हणजे पाच-सहा भोकं, रक्त थोडं,
लवकर घरी, पैसे जास्त.
नाहीतर बेंबीखाली एक सरळ चीर,
मझुमदार साहेबांच्या हातची,
ज्यांची बोटं अंधारात बघतात म्हणे.
वर्षाअखेर दोघांचा हिशोब बराचसा सारखाच,
हेही पारीखांनीच सांगितलं.
माल खपवणारा असं बोलत नाही.

तुमचं हे सावकाश वाढणारं आहे.
शांतिथी विचार करजो.

विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षावाल्यानं
आपणहून थांबून मगर दाखवली,
चिखलात, जबडा उघडा टाकून, ऊन खात.
"हीसुद्धा सावकाशच असते,"
इंदुमती म्हणाली, "भूक लागेपर्यंत."

आणंदहून रेणुकाचा फोन: पप्पा, रोबोच. वरचे पैसे मी देते.
दांडिया बाजारातले फणसे: आणि मधेच लाईट गेली तर?
मी मझुमदारांकडे जाऊन त्यांचे हात बघून आलो.
कपबशी उचलली, बशी वाजली नाही.
"बोट आत गेलं की कळतं, कुठं चिकटलंय," म्हणाले.
मला शंभर टक्के पटलं.

पटलं, आणि झोप लागेना.
कारण मी तरी लोखंडाला कधी हात लावला?
फिरत्या जॉबला हात लावणारा रामशरण
आठ बोटं घेऊन रिटायर झाला.
माझा हात हँडलवर, हँडलच्या पुढं स्क्रू,
स्क्रूच्या पुढं टूल.
लोखंड मला कधी भेटलं नाही,
फक्त कळायचं.

"जागे आहात ना?" अंधारात ती.
"त्या नसांचं उद्या मी विचारते.
तुम्ही नुसती अंतरं विचाराल."

आणि विचारलं. गुजरातीत, पदर न सावरता:
किती जण कोरडे राहिले, किती महिन्यांनी?
आणि ते दुसरं, नवरा-बायकोचं?
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात
एक अख्खा महिना वाचून काढला.
पारीख आकडे सांगत गेले, ती दुधाच्या डायरीत लिहीत गेली.
मझुमदारांचे आधीच लिहिलेले होते. कधी गेली होती कोण जाणे.

"मशीनवर एकंदर किती केलीत?"
"दोनशे साठ. पण सुरुवातीची चाळीस, काका,
ती मोजून मी फुशारकी मारत नाही."

माझे पहिले चाळीस बुश.
उस्तादानं एकेक उचलून ड्रममध्ये टाकला होता,
खण्ण, खण्ण, सगळ्या शेडला ऐकू जाईल असा.
हे चाळीस कुठं वाजले असतील?
एखादा रोज सकाळी कमाटी बागेत
मुतारीच्या जवळचाच बाक धरत असेल,
बायकोला सांगत असेल, इथं सावली बरी.
त्यांच्यावर शिकलेला हात मी आता वापरणार.
त्यांना कुणी विचारलं होतं का, ते मी विचारलं नाही.

मंगळवारी रोबोच्या फॉर्मवर सही केली.
इंदुमतीनं खाली साक्षीदार म्हणून.
नात्याच्या रकान्यात तिनं 'पत्नी' लिहिलं,
जरा थांबली,
आणि तेच अक्षर पुन्हा एकदा गिरवलं.